दगडाचा अननस

बरेच दिवस झाले, इथे काही लिहिणं झालं नाही. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघायची बंदी केली होती. आता ती उठली आहे, तेव्हा राहून गेलेलं एक लिखाण पुरं करते.

मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे एडिनबराला गेले होते. तिथून एका इमारतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. धाकट्या जावेने लगेच विचारलं, "वहिनी, हे अननसाचं देऊळ आहे की काय?" भाच्याने तर निकालच दिला, "मावशी, हा फोटो खोटा आहे. कॉम्प्युटरवर केलेला." दोघांनाही मी "सविस्तर लिहीन" असं सांगितलं होतं. तर मंडळी, हे ते सविस्तर.

फोटो खोटा नाही आणि ते देऊळही नाही. एका जहागिरीतल्या बागेची ती बाहेरची इमारत आहे. आपल्याकडे मोठ्या वाड्याच्या आवारात जशी पागा, कोठार, गोठा, माळ्याची खोली असते ना, त्यातलीच. फरक इतकाच की हिच्या डोक्यावर सुमारे १४ मीटर उंचीचा दगडी अननस आहे!

स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्क शहराजवळ एअर्थ नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी डनमोरच्या उमरावांची जहागीर होती. एडिनबराहून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. शेवटी गाडी ठेवून झाडीतून थोडं चालावं लागतं. माझे गुडघे कुरकुरत होते, नातू पुढे पळत होता. झाडी संपली आणि तो एकदम ओरडला, "आजी, अननस!" मी वर पाहिलं आणि खरं सांगते, हसूच आलं. इतक्या गंभीर देशात, इतक्या गंभीर लोकांनी हे काय करून ठेवलंय, असं वाटलं.

खालचा भाग अगदी नेमस्त आहे. कमान, खांब, सगळं मोजूनमापून. वर एक छोटीशी खोली आहे, तिच्या खिडक्यांच्या कमानी टोकदार. आणि त्या कमानींची टोकं वर जाता जाता वळतात आणि पानं होतात. इमारत कुठे संपली आणि फळ कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून सांगता येत नाही. प्रत्येक डोळा, प्रत्येक काटेरी पान दगडात कोरलेलं. वरती तुरा. ज्याने हे कोरलं त्याने खरा अननस हातात घेऊन नीट बघितला असणार, अशी माझी तरी खात्री झाली. (अननसाच्या बाबतीत माझं मत ग्राह्य धरायला हरकत नाही. का, ते पुढे सांगते.)

इमारतीपुढे उंच भिंतींनी बंदिस्त केलेली सहा एकरांची बाग आहे. आता तिथे रानसफरचंदांची झाडं आहेत आणि लोक गवतावर डबा खात बसतात. पण अठराव्या शतकात इथे इमारतीच्या दोन्ही अंगांना काचघरं होती आणि त्या थंडीत, बर्फात, तिथे इतर झाडांबरोबर खरोखरचे अननस पिकवत.

ते कसं, हे ऐकण्यासारखं आहे. इथली भिंत पोकळ आहे, म्हणजे दुहेरी. भट्टी पेटवायची आणि तिची ऊब या पोकळीतून फिरवायची. भिंत तापली की तिला लागून असलेलं काचघर तापतं. मग धुराचं काय? इमारतीच्या छपरावर चार देखणे दगडी कलश आहेत. मी आधी ती शोभाच समजले होते. ती धुराडी आहेत. कलशाच्या रूपातली धुराडी! खाली कोणीतरी राख उपसतोय आणि वर कलशातून धूर निघतोय, पण बागेत फिरणाऱ्या पाहुण्याला भट्टीची आठवणही होऊ नये, अशी सोय.

आता एवढा खटाटोप एका फळासाठी का? कोलंबसाला १४९३ साली ग्वादलूप बेटावर हे फळ पहिल्यांदा मिळालं. युरोपात त्याचं वेड लागलं. पण ते तिकडच्या थंडीत येत नाही, आणि जहाजातून येईपर्यंत बरेचदा नासून जाई. म्हणून मग ओकच्या सालीचा चुरा कुजवून त्याची ऊब द्यायची, काचघर तापवायचं, दोन-तीन वर्षं वाट बघायची, तेव्हा एक फळ. ज्यांना परवडत नसे ते म्हणे मेजवानीपुरता अननस भाड्याने आणत आणि टेबलावर मिरवून परत करत. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात एक माणूस गुडघे टेकून राजाला अननस देतो आहे. तो राजाचा माळी जॉन रोझ, असं परंपरेने सांगतात. राजा उभा, माळी गुडघ्यावर आणि मध्ये अननस. हे चित्र लक्षात ठेवा.

आपल्याकडे मात्र अननस फार सुखात आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आणला आणि आमच्या मातीने त्याला घरच्यासारखं ठेवून घेतलं. नावसुद्धा बदललं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांच्या भाषेतला शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि तो 'अननस' होऊन आमच्या तोंडी बसला. बटाटा, काजू, पपई आले त्याच गलबतांतून. आईन-इ-अकबरीत अबुल फजलने त्याचं एक गोड नाव दिलंय, 'कटहल-इ-सफरी', म्हणजे प्रवासी फणस. कुंडीत लावून प्रवासात बरोबर नेता येतो म्हणून. जहांगीर बादशहानेही आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की हे फिरंग्यांच्या बंदरातलं फळ, आणि आग्र्याच्या गुलअफशां बागेत दरवर्षी हजारोंनी होतं. म्हणजे डनमोरच्या भट्ट्या पेटण्याच्या दीडशे वर्षं आधी!

आता या डनमोरबद्दल. जॉन मरे, डनमोरचा चौथा अर्ल. बापाने १७४५च्या स्टुअर्ट राजपुत्राच्या बंडात भाग घेतला, कैद भोगली, पुढे माफी मिळाली. मुलगा १७५६ साली गादीवर आला. बागेच्या बाजूच्या कमानीवर १७६१ हे साल कोरलेलं आहे. पुढे हा गृहस्थ १७७० साली न्यूयॉर्कचा आणि १७७१ साली व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केलं तेव्हा व्हर्जिनियात इंग्लंडच्या राजाचा शेवटचा गव्हर्नर हाच.

नोव्हेंबर १७७५मध्ये त्याने एक जाहीरनामा काढला. बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील, ते मुक्त. शेकडो गुलाम जिवावर उदार होऊन त्याच्याकडे पळून आले. त्यांची पलटण उभी राहिली. पण देवीच्या साथीने त्यातले कितीतरी मेले. १७७६ साली डनमोरला व्हर्जिनिया सोडून जावं लागलं. हा जाहीरनामा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या माणसाबद्दल आदर वाटला होता. मग दुसऱ्यांदा नीट वाचला. 'बंडखोर मालकांचे' गुलाम. राजनिष्ठ मालकांचे नाहीत. आणि स्वतः डनमोरकडेही गुलाम होते, ते तर नाहीच नाहीत. शत्रूच्या घरचे मजूर पळवायचे, इतकाच तो हिशेब होता. तरीही जे पळून आले त्यांच्यासाठी तो खरा होता, हेही तितकंच खरं. इतिहासात असं फार वेळा होतं. देणाऱ्याचा हेतू वेगळा असतो आणि घेणाऱ्याची गरज वेगळी.

अननसाचा हा घुमट गव्हर्नरसाहेब परत आल्यावर चढवला असावा असं बऱ्याच जाणकारांचं मत आहे. व्हर्जिनियात म्हणे खलाशी घरी परतले की दाराच्या खांबावर अननस ठेवून 'आम्ही आलो' असं शेजाऱ्यांना कळवत. राज्य गमावून आलेल्या डनमोरने तीच थट्टा मोठ्या प्रमाणावर केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे. गोष्ट म्हणूनच घ्यावी.

अशा भट्ट्यांना कोळसा लागे. आणि त्या काळच्या स्कॉटलंडमधले खाणकामगार कायद्याने खाणीला बांधलेले होते. १६०६च्या एका कायद्यापासून मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना काम सोडून जाता येत नसे. खाण विकली की माणसंही तिच्याबरोबर जात. त्यांना अर्धवट मोकळं करणारा कायदा झाला १७७५ साली आणि पुरती मोकळीक मिळाली १७९९ साली. १७७५! म्हणजे डनमोर तिकडे अमेरिकेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढत होता त्याच वर्षी इकडे त्याच्या स्वतःच्या देशात गोऱ्या माणसांच्या बेड्या जराशा सैल होत होत्या. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण ही दोन सालं मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

हे सगळं मुलाला सांगत बागेत बसले होते, तेवढ्यात नातवाने विचारलं, "आजी, अननसात कोण राहायचं?"

अननसात कोणी राहत नसे. ती नुसती हवा खायची खोली. पण त्याच्या दोन बाजूंना भिंतीला चिकटून दोन बसकी घरं आहेत, त्यांत बागेतले माळी राहत. आता लँडमार्क ट्रस्ट ही संस्था ती घरं सुट्टीसाठी भाड्याने देते, चार माणसांची सोय आहे. एका घरातून दुसऱ्यात जायचं तर उघड्यावरून जावं लागतं. हौसेच्या पाहुण्यांना त्याची मजा वाटते.

त्या घरांकडे बघता बघता माझं मन मात्र भलतीकडेच गेलं.

माझ्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे की मी गोव्यातली, फोंडा तालुक्यातली. पण एक गोष्ट इथे मी कधी लिहिली नव्हती. आमचं लहानपणीचं घर आमचं नव्हतं. माझे बाबा मुंडकार होते. ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, राखणीला आणि कामाला एखादं कुटुंब ठेवत. कोपऱ्यात झोपडं बांधायला जागा देत. तो मुंडकार. घर बांधायचं आपण, पण जमीन त्याची, आणि त्याची मर्जी असेपर्यंतच राहायचं. कौलं बदलायची तरी विचारावं लागे. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा भाटकाराने काही कारणाने "तुमचें घर मोडून टाकतां" म्हटलेलं मला आठवतं. मोडलं नाही. पण आईने त्यानंतर पुष्कळ दिवस भांडी टोपलीत भरूनच ठेवली होती.

बाबा कुळागराच्या बांधावर अननस लावत. अननसाच्या मुळाशी पाणी साचलं की ते कुजतं, म्हणून उतार बघून लावायचे. पहिलं फळ भाटकाराच्या घरी. नंतरची बाजारात. आमच्या वाट्याला यायचा तो चतुर्थीच्या माटोळीला बांधलेला एक, गणपती पोचवून आल्यावर. आई त्याचे इतके पातळ काप करायची की त्यातून उजेड दिसायचा!

बाबांचं सगळं शहाणपण पाण्याचं होतं. उन्हाळ्यात पाटाचं पाणी कुठल्या पोफळीला किती वेळ द्यायचं, आणि पावसाळ्यात ते कुठून बाहेर काढायचं. "पाणी हाडप सोपें, वचूंक दिवप कठीण" असं ते म्हणायचे. पाणी आणणं सोपं, त्याला जाऊ देणं कठीण.

हे आठवायचं कारण असं की दगडी अननसाचं खरं गुपित हेच आहे. त्याचं प्रत्येक पान वेगळं निथळतं. पाणी कुठेच साचू नये असा हरेक पानाला, हरेक डोळ्याला बारीक उतार दिलेला आहे. कारण तिकडच्या थंडीत दगडाच्या खाचेत पाणी राहिलं की त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं आणि दगड फुटतो. गवंड्यांनी ते आधीच ओळखलं होतं. म्हणून अडीचशे वर्षांच्या आसपास झाली तरी पानं जागच्या जागी आहेत. मला ते वाचून कळलं तेव्हा वाटलं, बाबा असते तर एका नजरेत ओळखून मान हलवली असती.

आणि हे ज्यांनी केलं त्यांचं नाव? एकाचंही नाही. आराखडा कोणी काढला त्याचीसुद्धा नोंद सापडलेली नाही. सर विल्यम चेंबर्स या नामवंत वास्तुविशारदाचं नाव कधीकधी घेतात, पण पुरावा काही नाही. कमानीवर साल आहे. पुढच्या पिढीतल्या अर्लच्या १८०३मधल्या लग्नाची खूण म्हणून हृदयाचं चिन्ह आणि लॅटिन ब्रीदवाक्य आहे, 'संकटातही निष्ठावंत' अशा अर्थाचं. त्यात गवंडी नाही आणि माळीही नाही.

आपल्याकडे रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आहे, त्याचं आपल्याला केवढं अप्रूप! अप्रूप अशासाठी की बाकी ठिकाणी ते नसतं. आणि मी काय केलं चौतीस वर्षं? 'जोड्या लावा'. डावीकडे इमारती, उजवीकडे राजे. मुंडकाराची मुलगी असून दरवर्षी मी स्वतःच्या हाताने ते प्रश्न काढत होते आणि त्यात मला कधी काही खटकलं नाही. अभ्यासक्रम होता तसा, हे खरं. पण नुसता अभ्यासक्रमाला दोष देणं बरोबर नाही.

एक मात्र सांगून ठेवते, नाहीतर इतिहासवाले प्रतिक्रियांत माझे कान धरतील! व्हर्जिनियाचा गुलाम, स्कॉटलंडचा खाणकामगार आणि गोव्याचा मुंडकार या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. गुलामाची मुलंबाळं बाजारात विकली जात. आमच्यावर तशी वेळ आली नाही, आणि मी तर शाळा शिकले, कॉलेज शिकले. दुःखांची बरोबरी करू नये. मी फक्त एवढंच म्हणते आहे की या तिघांचीही नावं कमानीवर नसतात.

पाचव्या अर्लने त्याच आवारात १८२०च्या दशकात विल्यम विल्किन्स या वास्तुविशारदाकडून मोठा थोरला वाडा बांधून घेतला. डनमोर पार्क. तो वाडा आज पडका आहे. आत झाडं वाढलेली. उमरावाचा वाडा गेला आणि त्याच्या बागेतली माळ्यांची इमारत राहिली. १९७४ साली ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे दानात आली, लँडमार्क ट्रस्टने दुरुस्त केली, आणि आता तुमच्या-माझ्यासारखी माणसं ती बघायला जातात.

गोवा मुक्त झाल्यावर १९७५ साली मुंडकारांचा कायदा झाला. घरातून हुसकावता येणार नाही, आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क. मग मुंडकारांची नोंद सुरू झाली. बाबा मामलेदार कचेरीत किती खेपा घालून आले ते मला माहीत आहे, कारण अर्ज मी लिहून दिला होता. नोंद झाली त्या दिवशी त्यांनी मला तो कागद दाखवला आणि नावाच्या जागी बोट ठेवून म्हणाले, "हें म्हजें नांव मगे?" त्यांना वाचता येत नव्हतं. जन्मभर त्यांनी ज्या जमिनीवर राबून घेतलं, तिच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव येण्याची ती पहिली वेळ. कागदावर आईचं नाव नव्हतं. ते तेव्हा मलाही सुचलं नाही.

परत निघताना नातू म्हणाला, "आजी, मला अननसाचं चित्र काढायचंय." रात्री त्याने काढलं. मोठा पिवळा अननस, हिरवी पानं, आणि बाजूच्या दोन घरांपैकी एकाच्या दारात एक माणूस. विचारलं, हा कोण? म्हणाला, "तुझे बाबा. ते तिथे राहतात ना?"

मी चूक दुरुस्त केली नाही. चित्र घेऊन आले आहे. इथे कपाटाच्या दाराला लावलं आहे.

असो. फारच लांबलं. जावेला आणि भाच्याला उत्तर मिळालं असेल अशी आशा आहे. तुमच्या गावात अशी एखादी पागा, विहीर, कोठी असेल आणि ती बांधणाऱ्याचं नाव कोणाला आठवत असेल, तर जरूर लिहा. नुसतं नाव लिहिलंत तरी चालेल.

माझ्या बाबांचं नाव विठू.